साडूंची तुरीची फळी

जगातली निम्मी भांडणं माणसं आणि वस्तू जागा अडवून बसतात म्हणून होतात, असं आमच्या थोरल्या साडूंचं मत होतं आणि ते ऐकलं नाही असा माणूस उदगिरात सापडणं कठीण. त्यांचा सगळा संसार एका पेटीत मावायचा. आम्ही हौसेनं दिलेलं कपाट त्यांनी आठ दिवसांत परत धाडलं. निरोप असा, की कपाट आलं की ते भरावं लागतं.

जिल्हा नवा झाला आणि लगेच दुष्काळ पडला, तेव्हा साडू पाणीवाटपाच्या कचेरीत कारकून होते. जिल्हा नवा, पण कचेरी धान्याच्या जुन्या गुदामात, टेबल एकच आणि रजिस्टरं पोत्यांवर. कुटुंबाला टँकरचं एकच कार्ड मिळायचं. समोरच्यानं ते आधीच नेलंय का, हे रजिस्टरात शोधेपर्यंत रांग रस्त्यावर जायची. साडूंनी सुताराकडून पाटाएवढ्या फळीला शेकडो बारीक खळगे पाडून घेतले. माणसाच्या नावाचा एक खळगा, बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावाचा दुसरा, गावाचा तिसरा. कार्ड दिलं की तिन्हींत तुरीचा एकेक दाणा. पुढं कुणी आलं की तीन खळगे बघायचे. एक जरी रिकामा असला तर कार्ड द्यायचं, तिन्ही भरलेले असले तर माणूस येऊन गेलेला. रांग भराभर सरकू लागली. वरचे साहेब फळी बघून गेले. त्यांना काही कळलं नाही, म्हणून त्यांनी फार कौतुक केलं.

मग शिरूर अनंतपाळकडची एक बाई आली. तिचे तिन्ही खळगे भरलेले निघाले. साडूंनी तिला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशीही पाठवलं. तिसऱ्या दिवशी मी तिथंच बसलो होतो. तिनं रिकामी घागर थेट फळीवर ठेवली.

"मी कार्ड नेलं म्हनता साहेब, मग माझी घागर कोरडी कशी?"

साडूंनी रांग थांबवली आणि रजिस्टर पानोपान चाळलं. बाईचं नाव कुठंच नव्हतं. तिच्या नावाच्या दुसऱ्या कुणी एक खळगा भरला होता, नवऱ्याच्या नावाच्या कुणी दुसरा आणि गाववाल्यांनी तिसरा. साडूंनी कार्ड लिहिलं, घागर स्वतः उचलून टँकरपाशी नेली आणि परत येऊन मला हळूच म्हणाले, "फळी न्हाई म्हनली, तर मानूस आलेलंच न्हाई, पक्कं. आलंय म्हनली की मातर रजिस्टराला इचारावं लागतंय." त्यानंतर रजिस्टर उघडल्याशिवाय त्यांनी कुणालाही परत धाडलं नाही. त्या बाईचे दोन दिवस मात्र त्यांच्या मनातून गेले नाहीत.

परवा भेटायला गेलो. साडू आता थकलेत, नावं सापडत नाहीत. माझ्या मागोमाग एक झाडू विकणारा दारात आला होता, अगदी अनोळखी. साडूंनी आम्हा दोघांकडं सारखंच बघितलं. "हाव, या की. मागं येऊन गेलतात तुमी."

आमची मेहुणी म्हणाली, आता ते सगळ्यांनाच असं म्हणतात. मी मनात म्हटलं, त्यांच्या फळीचे सगळेच खळगे भरले असावेत. चाळीस वर्षांच्या नात्यातला साडू मी, त्या झाडूवाल्याच्या रांगेत बसलो आणि मला वाईट वाटलं. साडूंनी दोघांनाही काठोकाठ भरलेले तांबे दिले आणि आम्ही पिऊन होईपर्यंत समोर उभे राहिले.

"मिळालं का पानी?"

मिळालं, असं आम्ही दोघंही म्हणालो.