साडूच्या कुरणातलं गवत

टिमथी गवताचं बी घेणारे लोक चिमूटभर तळहातावर घेतात, फुंकर मारतात आणि पिशवीचं तोंड बांधतात. चाळणीबुवा घरचं बीसुद्धा दोनदा चाळत आणि वर भिंगातून बघत. नाव पडलं ते त्यावरूनच. दुधात पाणी, वजनात खोट आणि गोड बोलणाऱ्याच्या पोटात काहीतरी असणारच, हे त्यांचं ठाम मत. बायको म्हणायची, आरशात बघतानासुद्धा हे आधी मागे कोण उभं आहे ते बघतात.

टिमथी हे कुरणातलं, एकदा पेरलं की बरीच वर्षं टिकणारं गवत. पहिल्या वर्षी पातीच जास्त, मग पुढची काही वर्षं त्याच मुळांतून फुटवे आणि कणसं. बुवांचा तुकडा ऐन भरात होता आणि बियाण्यासाठी नोंदवलेला. बियाणं तपासणाऱ्या सरकारी निरीक्षकाने तो शुद्ध, म्हणजे दुसऱ्या गवताची भेसळ नसलेला, ठरवला तर ते बियाणं, नाहीतर नुसती वैरण, आणि एवढ्या वर्षांची राखण मातीत.

कुंपणापलीकडे साडूचं कुरण होतं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे उघड भांडायचीही सोय नव्हती. साडूने गुरांसाठी कोल्हशेपटी नावाचं गवत लावलं होतं. लांबून पाहिलं तर टिमथीसारखंच दंडगोल कणीस, पण मऊ, लवदार आणि बरंच आधी येणारं. साडू भेटला की हसून चौकशी करायचा. एवढं एक कारण बुवांना पुरलं: हा वैरणीच्या आडून बियाण्याचं गवत करतोय आणि आपलं गिऱ्हाईक तोडणार. गेल्या उन्हाळाभर ते संध्याकाळी कुंपणाच्या फटीतून पलीकडे शिरत, कणसं चाचपत आणि काहीच सापडलं नाही म्हणून आणखी बेचैन होऊन परतत.

यंदा टिमथीची कणसं बाहेर पडायच्या आधीच त्यांच्या तुकड्यात कोल्हशेपटीने माना वर काढल्या. बुवांनी भर बाजारात सांगून टाकलं की साडूने कुंपणावरून बी फेकलं. साडूच्या कानावर ते गेलं. त्याने उलट शब्द काढला नाही. बुवांच्या लेखी तो कबुलीजबाबच होता.

नवराबायको भेसळ उपटायला बसले. नुसतं कणीस खुडून भागत नाही, मुळासकट काढावं लागतं. बायको थोडा वेळ खुरपं चालवत राहिली, मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली. कुंपणालगत कुठेच काही नव्हतं. कोल्हशेपटी उगवली होती ती फटीपासून तिरकी, पंपाला वळसा घालून, थेट घराच्या मागच्या दारापर्यंत.

"भावजींनी फेकलं म्हणता," ती म्हणाली, "मग ते दारापर्यंत फेकत आले आणि तुम्हाला दिसले नाहीत?"

बुवा पुन्हा खुरपं चालवू लागले. ते लवदार बी कापडाला कसं चिकटतं, हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. तरी दोन दिवस त्यांनी साडूला आपली वाट ठाऊक असावी आणि त्याने मुद्दाम त्याच वाटेवर बी टाकलं असावं, असा विचार करून पाहिला.

निरीक्षक आला तेव्हा साडूही कुंपणाशी येऊन उभा राहिला. निरीक्षकाने बरीच उपटलेली झाडं पाहिली, राहिलेली पाहिली, आणि बाजारातली गोष्ट त्यानेही ऐकली होती.

"कोणी फेकत असेल तर आज इथे, उद्या तिथे," तो म्हणाला. "मग अख्खा तुकडा मला नापास करावा लागेल. आलं कुठून?"

बुवांनी साडूकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग खाली.

"माझ्या विजारीतून," ते म्हणाले. "मी रोज त्याच्या कुरणात जात होतो."

कशाला, हे निरीक्षकाने विचारलं नाही. त्याने वाटेच्या दोन्ही बाजूंचा रुंद पट्टा आखला, तो वैरणीला कापायला सांगितला, फट बुजवायला सांगितली आणि बाकीचा तुकडा मान्य केला. पट्टा गेला, बियाणं वाचलं.

साडू पुढे झाला. फट आपणच बुजवतो, तार घरात आहे, म्हणाला. हसला नाही, टोमणाही मारला नाही.

संध्याकाळी साडू तार ओढत होता आणि बुवा अलीकडून बघत होते. एवढं ऐकूनही हा माणूस चिडला कसा नाही, याचा त्यांना उलगडा होईना.

"काहीतरी आहे याच्या मनात," ते बायकोला म्हणाले.

"आहे," बायको म्हणाली. "पण ते बघायला आता फट नाही."