ऑब्लाँग-लॅन्सिओलेट

“निधान रे, निधान,” असं म्हणत आमचे सर आंब्याचं पान आमच्या तळहातावर ठेवायचे. निधान म्हणजे सावकाश. आम्हा म्हैसूरच्या मराठी माणसांच्या तोंडी कन्नड अशीच येते. सरांचं तर वर्गात इंग्रजी, घरी मराठी आणि रागावले की कन्नड.

वनस्पतिशास्त्रात पानांच्या आकाराला जोडविशेषणं असतात, ऐकूनच घाम फुटावा अशी. आंब्याच्या पानाचं ऑब्लाँग-लॅन्सिओलेट. सर ते फोडून द्यायचे: ऑब, लाँग, लॅन, सि, ओ, लेट. एकेक अक्षर म्हणताना बोट देठाकडून टोकाकडे सरकायचं. “लांबट, आणि टोकाला भाल्यासारखं निमुळतं. कळलं, अल्ला?” अल्ला म्हणजे ‘हो ना?’ न कळून सांगता कोणाला! तुमच्याही वाट्याला असे एखादे सर आले असतीलच.

माझ्या लग्नात मांडवाचं तोरण बघून त्यांनी चक्क माझ्या सासऱ्यांकडून तो शब्द म्हणवून घेतला. सासरे अजून कुरकुरतात.

निवृत्तीनंतर सरांना पक्षाघात झाला आणि वाचाच गेली. मी गोकुलमला त्यांच्या घरी गेलो तो आंब्याचं पान घेऊनच. म्हटलं, बघू या तरी. पान त्यांच्या हातावर ठेवलं आणि सर स्वच्छ बोलले, “ऑब्लाँग-लॅन्सिओलेट.” मला रडूच फुटलं. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, देवापुढे साखर ठेवली.

पण परत आला तो तेवढा एकच शब्द. भूक लागली, उशी टोचते, पंखा बंद करा, सगळ्याला तोच, आणि उच्चार बिनचूक. चुकतंय हे त्यांना कळायचं. मान हलवून पुन्हा बोलायला जायचे, पुन्हा तोच निघायचा. काकू एकेक वस्तू पुढे करून बघायच्या. “कॉफी? बेडा? नको? मग शाल देऊ का?”

एका दुपारी सरांनी काकूंचं मनगट घट्ट धरलं आणि तोच शब्द म्हणत राहिले, समजावून सांगावं तसे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

काकू माझ्याकडे वळल्या. “तू त्यांचा विद्यार्थी ना? सांग की, काय म्हणतायत?”

मी मूर्ख. मी अर्थ सांगितला. लांबट, टोकाला निमुळतं.

“ते लग्न झाल्यापासून ऐकतेय रे मी. त्यांना हवंय काय?”

सर त्याच आठवड्यात गेले.

काकू अजून विचारतात, “त्या दुपारी पाणीच मागत असतील का रे?” मी हो म्हणतो.

मग त्याच म्हणतात, “पण पाणी मी दिलं होतं.”