वन्संची बोट आणि ब्रेकबाई

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. बाईंची उभी नोकरी त्या ब्रेकवर गेली. मागे त्यांना सगळे ब्रेकबाई म्हणत, तोंडावर नुसतं बाई. निवृत्तीनंतर टॅक्सीत मागे बसल्या तरी सिग्नल आला की त्यांचा उजवा पाय दाबला जायचा. टॅक्सी थांबायची आणि श्रेय बाई घ्यायच्या.

एका सकाळी थोरली नणंद येऊन म्हणाली, "वहिनी, ह्यांची बोट पाण्यात घालू या."

वन्संचे यजमान जाऊन वर्ष झालं होतं. मागे पेट्रोलचं इंजिन टांगलेली त्यांची छोटी लाकडी बोट धक्क्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. वन्संना त्यांनी बोटीत कधी नेलं नाही. वन्सं बोलतात आणि बोलण्याने मासे पळतात, असं त्यांचं मत होतं.

"तुम्हाला चालवता येते?" बाईंनी विचारलं.

"छे! चालवणार तुम्ही. मी बसणार."

धक्क्यावर बोटी दुरुस्त करणारा माणूस निघाला बाईंचा जुना विद्यार्थी, बंपर. हे नाव बाईंनीच ठेवलेलं. स्कूलच्या गाडीचा बंपर त्याने इतक्यांदा ठोकला, की बाईंनी त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. तो मग पाण्याकडे वळला. पाण्यात खांब कमी असतात, असं त्याचं म्हणणं. बाईंना शिकवायला तो जरा जास्तच चटकन तयार झाला.

"बाई, आधी नाकाने तपासायचं. पेट्रोलचा वास आला, तर इंजिन सुरू करायचं नाही."

टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, तडकलेली रबरी नळी बदलली, रंग दिला. बोट पाण्यात उतरवली, तर फळ्यांच्या फटींतून पाणी आत.

"अरे, बुडतेय!"

"पाणी पितेय, बाई. वाळलेलं लाकूड आहे. फुगलं की फटी मिटतील. तोवर बांधून ठेवा आणि उपसत राहा."

वन्सं रोज बादलीने उपसायच्या आणि बोटीशी बोलायच्या. बोट ऐकून घ्यायची. हळूहळू पाणी यायचं थांबलं.

मग लाइफ जॅकेटं आली, आणि एक लाल दोरी. तिचं एक टोक इंजिनाच्या बटणाला, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद होतं.

"मी पडत नाही," बाई म्हणाल्या.

"मीही ठोकत नव्हतो."

बाईंनी दोरी बांधली.

पहिली फेरी छान झाली. परतताना धक्का जवळ आला, तसा सोबत बसलेला बंपर सांगू लागला. "वेग कमी करा, बाई. न्यूट्रल. आता जरा रिव्हर्स." बाईंना त्यातलं काही ऐकू गेलं नाही. त्यांना फक्त धक्का दिसत होता. त्यांनी उजवा पाय दाबला.

काडकन आवाज झाला. पाय तळावर अंथरलेली फळी फोडून पोटरीपर्यंत आत गेला, बाई बाजूला कलंडल्या, दोरी निसटली, इंजिन बंद पडलं. बोट धक्क्याला बांधलेल्या टायरवर हलकेच टेकली.

"आरसा बघितला होता का, बाई?" बंपरने विचारलं.

मग त्याने वाकून फळी पाहिली. वरून नवाकोरा रंग, खालून लाकूड काळं, स्पंजासारखं. त्या जागी टाकी असायची. बाकीच्या फळ्या त्याने ठोकून पाहिल्या होत्या. टाकी त्याने रंगानंतर पुन्हा तिथेच ठेवली होती, त्या सकाळीच ती पुढे सरकवली, आणि तिच्याखालची फळी ठोकून पाहायची राहून गेली होती.

"चूक माझी," तो म्हणाला.

"अजून परीक्षेला बसवत नाही तुला," बाई म्हणाल्या. पोटरीवर पट्टी बांधून घेतली आणि सगळा तळ बदलेपर्यंत बोट बाहेर ठेवायला लावली.

महिन्याभराने नणंद-भावजया पहिल्यांदाच दोघीच निघाल्या. भर पाण्यात इंजिन गुरगुरलं आणि बंद पडलं. वन्सं शेजारणीच्या सुनेबद्दल सांगत होत्या. बाईंनी आधी नांगर टाकला. मग वास घेतला. मग टाकीचं झाकण पाहिलं. झाकणावरचा हवेचा स्क्रू घट्ट बंद होता. हवा नाही, म्हणून पेट्रोल नाही. त्यांनी स्क्रू सैल केला, नळीवरचा रबरी फुगा दाबून पेट्रोल पुढे ढकललं, इंजिनाचा दोर ओढला. इंजिन सुरू झालं. नांगर वर घेतला. सून अजून माहेरीच होती.

धक्क्याला बोट बांधल्यावर बाई खुंटावर बसल्या. उजवा पाय अजून धक्क्यावर दाबलेलाच होता.

"मध्ये थांबवलीत ते बरं केलंत हो," वन्सं म्हणाल्या. "काय शांत होतं तिथे!"