पटक्यावर न बसणारा हेडफोन

दोन हजार तेवीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. धारूरच्या माळावर एक छोटं विमान लोकांना चक्कर मारून आणायचं. चालवणारी पोरगी होती. आवाज लई, म्हणून कानाला हेडफोन लावायचा. तो माझ्या पटक्यावर बसेना.

“बाबा, पटका काढा.”

“चारचौघांत डोकं उघडं करीत न्हाई, बाई. ऱ्हाऊ दे उडणं.” म्हणालो खरं, पण जीव विमानातच होता.

तिनं दुसरे हेडफोन आधी स्वतःच्या कानाला लावून, गाद्या दाबून, मऊ तो निवडला. “सगळे तिकडं बघा!” असं लोकांना सांगून स्वतःही पाठ फिरवली. मी पटका सोडून पुन्हा कानांच्या वर, चापून बांधला. मग तिनं हेडफोन चढवला.

“भाकरी चावल्यासारखं तोंड हलवा. टोचतंय?”

“न्हाई.”

“कानावर काही आहे हे विसरलात, तरच आभाळ दिसेल.”

लई दिसलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी तसेच कान उघडे ठेवून मी माझी मेंढरं मुद्दाम बाजारातनं नेली, कुणीतरी “पटका असा कावून बांधला?” विचारावं आन् मला विमानाचं सांगता यावं म्हणून.