उकळत्या काहिलीपाशी

माझे वडील, आबा, गावातले गुळव्या, म्हणजे गूळ करणारे, आहेत. सुट्टीत मी गुऱ्हाळावर गेले, तेव्हा ते उसाच्या रसानं रटरटत्या मोठ्या कढईपुढे, काहिलीपुढे, उभे होते. गूळ कधी उतरवायचा, हे ते नुसते बुडबुडे बघून ठरवतात. घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. पण मी काय शिकते, हे त्यांना सांगणं दोन वर्षं जमलं नव्हतं. त्या वाफेत मात्र एकदम सुचलं.

"आबा, वीज करायला आम्ही वायू सूर्यासारखा तापवतो. त्याला प्लाझ्मा म्हणतात. आत काही घातलं तर वितळतं, म्हणून त्याच्या उजेडावरनं ओळखायचं, किती तापलंय ते. पण मोजमाप अंधुक येतं. मी कॉम्प्युटरला हजारो जुन्या नोंदी दाखवून ते वाचायला शिकवते."

"आणि चुकला तर?"

"चूक दाखवते. परत बघायला लावते."

आबा मोठ्यानं हसले. जाळ घालणाऱ्या काकांना ओरडून म्हणाले, "ऐकलं का, पोरगी मशीनला गुळव्या करतीया!"

जिथं हात पोचत नाही, तिथं माणूस किती मायेनं बघत राहतो, असं मला वाटलं.

आबा जरा बाजूला सरकले. "ये, इथनं बघ. तिथनं तुला नुसती वाफच दिसंल."