शोभेची कोंबडी

कुकटपल्लीतले आमचे शेजारी कोंबड्या साड्यांसारख्या निवडतात. पिसं भिंतीच्या रंगाला शोभली पाहिजेत आणि अंडी निळसरच हवीत. पाहुणा आला की पाण्याच्या आधी अंड्यांची टोपली पुढे येते. दर वाक्याला "हौ ना ताई?" विचारतात आणि उत्तराला थांबत नाहीत.

या महिन्यात त्यांच्या पांढऱ्या कोंबडीची पिसं झडायला लागली. अहो, दरवर्षी झडतात, पुन्हा नवी येतात, मी गच्चीवरून ओरडून सांगितलं. "पण लई खराब दिसायली ती," म्हणाले आणि तिला कापून आणली. संध्याकाळी वाटीभर रस्सा घेऊन माझ्या दारात हजर! मी त्यांच्या तोंडावर दार आपटलं.

केमोत माझे केस गेले, तेव्हा "येतील की परत, हौ ना ताई?" असा धीर याच माणसाने दिला होता.