अठरा डावे बूट

माझ्यामुळे एका शनिवारी कॅलिफोर्नियातली सोळा सज्जन माणसं अनवाणी इजिप्त फिरली. (सतराव्या माझ्या सासूबाई आणि अठरावा मी. आम्हा दोघांना त्यात काही विशेष वाटलं नाही.)

आमच्या सनीव्हेलच्या घरापासून तासाभरावर एक छोटं म्युझियम आहे. आत इजिप्तचं एक अख्खं देऊळ आणि एक अख्खी कबर हुबेहूब बांधली आहे. सकाळी देऊळ, मधे सँडविच, दुपारी कबर, अशी दिवसभराची टूर असते. माझ्या मुलीला, इराला, तिथे गाइडची नोकरी हवी होती आणि त्या शनिवारी तिची परीक्षा होती. तिने टूर घ्यायची, आणि हॅरिएट नावाच्या साहेबबाईंनी मागून पॅड घेऊन चालत मार्क द्यायचे.

इराने दोन वर्षं कॉम्प्युटर सायन्स केलं आणि मग ते सोडून प्राचीन इजिप्त घेतलं. तेव्हा मी निषेध म्हणून चार दिवस मौन पाळलं होतं. घरात ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुढे आमच्यात समझोता झाला होता: ही नोकरी मिळाली नाही तर ती निमूटपणे मी शोधून ठेवलेला डेटाचा कोर्स करणार. पण गेले पंधरा दिवस ती आमच्या हॉलमध्ये तालीम करत होती. फ्रिजला देवळाचा दरवाजा समजून, त्याच्यासमोर उभी राहून हातवारे करत बोलायची. दूध काढायला गेलं की आधी दोन मिनिटं माहिती ऐकावी लागे. ते बघून मलाच ती पास व्हावी असं वाटायला लागलं होतं. मी हे तिला सांगितलं नव्हतं, कारण मग चार दिवसांच्या मौनाला काही अर्थ उरला नसता.

त्या दिवशी माझी बायको मंजिरी ऑफिसच्या कामात अडकली होती. म्हणून अमरावतीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंना घेऊन मी गेलो. निघताना मंजिरीने बजावलं की आईला एकटीला सोडू नकोस. इराने मला म्युझियमच्या दारातच गाठलं.

"बाबा, प्लीज. नो क्वेश्चन्स, नो जोक्स. जस्ट बी नॉर्मल."

मी म्हटलं, मी नेहमी नॉर्मलच असतो. त्यावर तिने तेच पुन्हा एकदा, सावकाश सांगितलं.

देवळाच्या दारापर्यंत सगळं छान चाललं. इरा पुढे, मागे पाहुणे, शेवटी सासूबाई आणि मी. हॅरिएटबाई एक फोन घ्यायला मागे थांबल्या होत्या. सगळे आत शिरले आणि सासूबाई उंबऱ्यापाशी थबकल्या. पायातल्या चपला काढल्या आणि भिंतीला लावून ठेवल्या.

"आई, अहो, हे खरं देऊळ नाही," मी हळूच म्हटलं.

"आत मूर्ती आहे ना?"

"आहे. सिंहिणीच्या तोंडाची देवी आहे."

"मग?"

 सासूबाई अनवाणी आणि जावई बूट घालून, हे बरं दिसेना. मी माझे बूट काढून त्यांच्या चपलांशेजारी ठेवले. इथपर्यंत, मी शपथेवर सांगतो, प्रकरण घरगुती होतं.

तेवढ्यात फोटो काढायला एक जोडपं दाराशी परत आलं. त्यांनी आमच्या पायांकडे बघितलं आणि अतिशय नम्रपणे विचारलं की आत बूट काढायचे असतात का. 'नाही' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मग सासूबाई येड्यात निघाल्या असत्या. म्हणून मी गंभीर चेहरा करून सांगितलं की सक्ती नाही, पण काढलेले बरे. अमेरिकन माणसाला 'सक्ती नाही' असं म्हटलं की तो हटकून करतो. त्या दोघांनी बूट काढले. त्यांचं बघून एका कुटुंबातल्या चौघांनी काढले. बेसबॉलची टोपी घातलेल्या एका आजोबांना वाकता येईना, तर त्यांच्या नाड्या मी सोडल्या. एकेक करून सगळे बाहेर येऊन मोजे सावरत आत गेले. शेवटी हॅरिएटबाई फोन संपवून आल्या. त्यांनी ती बुटांची रांग पाहिली, पॅडवर काहीतरी लिहिलं, आणि गुडघ्यापर्यंतचे बूट काढायला खाली बसल्या. ही इराचीच काहीतरी नवीन कल्पना असणार, असं त्यांना वाटलं!

आता दाराशी मी एकटा आणि समोर अठरा जोड. हे दृश्य पाहून माझ्यातला जुना, अनुभवी भक्त जागा झाला. कॉलेजात असताना एका देवळाबाहेरून माझे कोरे सँडल गेले होते. तेव्हापासून माझी एक पद्धत आहे: एक पायताण इथे आणि दुसरं लांब तिथे ठेवायचं. जोडी शोधत बसायला चोराला वेळ नसतो. आमच्याकडे निम्मी जनता हेच करते. इतक्या लोकांनी माझ्या शब्दावर बूट काढलेत तर त्यांची जबाबदारी माझीच, असा उदात्त विचार करून मी सगळे डावे बूट खांबामागे नेऊन लावले आणि सगळे उजवे बाकाखाली. मग समाधानाने आत गेलो.

आत इरा अंधुक उजेडात देवीविषयी बोलत होती. बोलता बोलता ती वळली आणि तिची नजर खाली गेली. सतरा माणसांचे पाय बघून तिने कुणाकडे बघितलं असेल? नेमकं माझ्याकडे. मी नॉर्मल दिसायचा प्रयत्न केला. सासूबाई मात्र देवीपुढे डोळे मिटून, हात जोडून उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागे ते आजोबाही.

खरी भानगड पुढे झाली. देवळात जायचं एका दाराने आणि बाहेर पडायचं दुसऱ्याच, हे मला माहीत नव्हतं. मंडळी थेट पलीकडच्या दालनात निघाली, बूट राहिले अलीकडे, आणि तिथून पुढे अंगणातून कबरीकडे जायचं होतं. अंगणात खडी होती.

"बाबा, फिक्स इट," इरा दातओठ खात पुटपुटली.

मी धावलो. खांबामागचे डावे बूट जागेवर होते. बाकाखाली मात्र काहीच नव्हतं. सफाईवाल्या मावशींनी सांगितलं की तिथे एकेकटे सोडून दिलेले बूट पडले होते, ते गार्डने हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत जमा केले. त्याचंही बरोबरच होतं. एका पायाचे अठरा बूट सापडले तर तो तरी काय समजणार?

आधी हाताशी असलेलं पोचवावं म्हणून जाकिटाची झोळी करून अठरा डावे बूट मी दालनात नेऊन ओतले. लोकांनी आपापला शोधून घातला आणि दुसरा पाय अधांतरी धरून माझ्याकडे आशेने बघू लागले. हॅरिएटबाई तर एक पाय उंच, एक पाय बुटका अशा उभ्या राहून लिहीत होत्या. सासूबाईंनी त्यांची चप्पल मला परत दिली.

"एक घेऊन मी काय करू? दोन्ही आणा. आणि जाताच आहात तर ही बाटली भरून आणा."

हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत एक कर्तव्यदक्ष मुलगी होती. ती म्हणाली, प्रत्येक वस्तूला एक फॉर्म, आणि त्यात वस्तूचं वर्णन. मी 'बूट, उजवा, पांढरा' असं सात वेळा लिहिलं. आठव्या वेळी तिने थंडपणे विचारलं की मला नेमके किती पाय आहेत. मी तिला सगळी हकीकत सांगितली. तिने हसू दाबत एक निळं टोपलं दिलं आणि वर मदतीला गार्ड दिला. ज्याने बूट उचलले होते तोच.

गार्ड टोपलं घेऊन मागून येत होता. मी पुढे, घामाघूम, डाव्या हातात सासूबाईंच्या दोन्ही चपला आणि उजव्या हातात त्यांची भरलेली बाटली. तसाच दालनात शिरलो आणि दारातच थांबलो, कारण आत एकदम शांतता होती. इरा एका दगडी पाटीसमोर उभी होती. इजिप्तच्या अगदी पहिल्या राजांपैकी एकाचं चित्र त्यावर कोरलेलं होतं. ती सांगत होती की हा राजा बघा, अनवाणी आहे. जागा पवित्र असावी म्हणून, असं काही अभ्यासक मानतात.

"मी मघापासून हेच म्हणते आहे," सासूबाई मराठीत म्हणाल्या. इराने ते सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं.

मग तिने राजाच्या मागच्या छोट्या माणसाकडे बोट दाखवलं. त्याच्या एका हातात राजाच्या चपला आणि दुसऱ्या हातात पाण्याचा बुधला होता. तिने चित्राकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा पंधरा दिवसांचा ताण एका क्षणात उतरला.

"अँड हिअर ही इज," ती म्हणाली.

सतरा माणसं वळली. मी हललो नाही. हलायचं सुचलंच नाही. इरा सांगत होती की चित्रात हा माणूस पिटुकला दिसतो, पण हा साधा नोकर नव्हे. राजाच्या इतक्या जवळ उभं राहायचा मान फार थोड्यांना मिळायचा. ज्याच्यावर पूर्ण भरवसा त्यालाच हे काम. हे म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं. पोरीला तिचं काम येतं, फार छान येतं, हे मला फ्रिजसमोर कळलं होतं. तिथे पटलं. टोपीवाल्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच.

मंगळवारी इराला नोकरी मिळाल्याचं पत्र आलं. हॅरिएटबाईंनी खाली लिहिलं होतं की चपला धरणाऱ्याची भूमिका करणारे नट उत्तम होते, विशेषतः त्यांचा भेदरलेला चेहरा अगदी खरा वाटला. ते शनिवारी मोकळे असतात का?

पंचवीस वर्षं मी सासूबाईंना माझं काम समजावतो आहे. क्लाउड म्हणजे काय, डेटा तिकडे कसा हलवतात, आणि त्यासाठी मला पगार का देतात. दर वेळी त्या "बरं बरं" म्हणून विषय बदलतात. त्या संध्याकाळी त्या अमरावतीला बहिणीशी फोनवर बोलत होत्या, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जावयाचा अभिमान होता.

"अगं, काय करतात ते आत्ता कुठे मला नीट कळलं. चपला सांभाळतात. पण राजाच्या हं!"